एकाच रिपोर्टमध्ये रक्त कमी आणि शुगर जास्त, असं कसं? पोटाच्या चरबीत अडकणाऱ्या लोहाची गोष्ट

जळगाव / धुळे : गावात आरोग्य शिबिर लागलं, की हे चित्र हमखास दिसतं. चाळिशीची एखादी ताई रिपोर्टचा कागद हातात घेऊन उभी असते. त्यावर हिमोग्लोबिन ९.५ आणि उपाशीपोटी शुगर ११८. एक आकडा कमी, एक जास्त. ताई गोंधळते. शेजारीण सांगते, "रक्त कमी शे ना, मग गूळ-शेंगदाणे खा." दुसरी सांगते, "शुगर वाढली, आता गोड बंद." आता गूळ खायचा की सोडायचा?

आपल्याकडे रक्त कमी असणं हा एक आजार आणि शुगर हा दुसरा, असं धरून चालतात. एकासाठी टॉनिक, दुसऱ्यासाठी मेथीचं पाणी. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या संशोधनातून एक गोष्ट पुढे आली आहे. या दोन्हींना जोडणारा एक धागा आपल्या पोटावरच्या चरबीतून जातो, आणि तो धागा म्हणजे लोह. तेच लोह, ज्याच्या लाल गोळ्या आशाताई वाटतात.

हा विषय आपल्या दारातला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. दुसरीकडे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हे दोन आकडे एकाच गावात, एकाच घरात आणि कित्येकदा एकाच अंगात भेटतात.

शरीरातलं लोह राहतं कुठं?

मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं. दोन-चार लहान खिळ्यांइतकंच. त्यातलं जवळपास दोन तृतीयांश रक्ताच्या लाल पेशींत असतं. श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवायचं काम तेच करतं. उरलेलं यकृतात आणि इतर ठिकाणी साठवलेलं असतं. ही साठवण ज्या डबीत होते, तिचं नाव फेरिटिन. रक्तातलं फेरिटिन तपासलं, की साठा किती आहे याचा अंदाज येतो.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झालेली पेशी शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी गिळून टाकतात, तिच्यातलं लोह काढून घेतात आणि नवीन रक्त बनवायला परत देतात. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह असं फिरून वापरलं जातं. जेवणातून मात्र रोज फक्त एक ते दोन मिलिग्रॅमच आत येतं. म्हणजे शरीर लोहाच्या बाबतीत फार काटकसरी आहे. जुनं पुन्हा वापरतं, आणि जास्त झालेलं बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे नाही.

म्हणून सगळा हिशेब दरवाजावर चालतो. किती आत घ्यायचं आणि किती साठ्यातून सोडायचं, हे तिथं ठरतं.

धरण भरलेलं, पण पाटाला पाणी नाही

हा दरवाजा सांभाळतं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक. ते यकृतात तयार होतं. हेप्सिडिन वाढलं, की दरवाजे बंद. आतड्यातून लोह रक्तात येत नाही, आणि साठ्यात पडलेलं लोहही बाहेर सुटत नाही. हेप्सिडिन उतरलं, की दरवाजे उघडतात.

हतनूर धरणाचे दरवाजे बंद ठेवले, तर धरणात पाणी असूनही खालच्या पाटात ते येणार नाही. शेतकरी म्हणेल, पाणी नाही. धरणावरचा माणूस म्हणेल, पाणी आहे. दोघंही खरं बोलताहेत.

हे दरवाजे बंद कशाने होतात? एक कारण म्हणजे शरीरात कुठंतरी चालू असलेली सूज. ताप, जंतुसंसर्ग झाला की शरीर मुद्दाम लोह लपवतं, कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं. ही जुनी आणि शहाणपणाची युक्ती आहे. ताप उतरला की दरवाजे पुन्हा उघडतात.

पण पोटात साठलेली जादा चरबीसुद्धा अशीच हलकी सूज धरून ठेवते. ती वरून दिसत नाही, दुखत नाही, ताप येत नाही. मात्र ती वर्षानुवर्षं धुमसत राहते. यकृताला वाटतं आजार चालू आहे, म्हणून हेप्सिडिन वाढतं आणि दरवाजे अर्धवट बंदच राहतात. त्यामुळे जाड माणसांत रक्तातलं फिरतं लोह कमी आणि फेरिटिन मात्र ठीक किंवा वाढलेलं, असं चित्र बऱ्याचदा सापडतं.

सगळ्याच बायकांचं रक्त यामुळे कमी होतं, असं मात्र समजू नका. पाळीत जास्त रक्त जाणं, लागोपाठची बाळंतपणं, पोटातले जंत, जेवणात लोह कमी असणं ही कारणं आपल्याकडे अजूनही मोठी आहेत. त्यांच्यात साठाच रिकामा असतो. म्हणूनच तपासणी महत्त्वाची.

चरबी म्हणजे नुसता लोण्याचा गोळा नाही

आता शुगरकडे येऊ. जेवल्यावर रक्तात साखर वाढते, तेव्हा स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन पेशींना सांगतं, साखर आत घ्या. पेशी ऐकतात आणि रक्तातली साखर उतरते. पण काही जणांत पेशी ऐकेनाशा होतात. इन्सुलिन हाका मारतं, पण पेशी ढिम्म. यालाच इन्सुलिनचा विरोध म्हणतात. सुरुवातीला स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून भागवून नेतं. रिपोर्ट चांगला येतो. काही वर्षांनी ते थकतं आणि मग शुगर वर येते.

यात चरबीचा हात मोठा आहे. चरबीची पेशी हे तेला-तुपाचं गोदाम तर आहेच, पण ती कारखानाही आहे. ती अॅडिपोनेक्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. ते जितकं चांगलं, तितकं शरीर इन्सुलिनचं ऐकतं.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. चरबीच्या पेशीत लोह वाढलं, की अॅडिपोनेक्टिन कमी बनतं आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, असं त्यात दिसलं. माणसांतही फेरिटिन जास्त असलेल्यांत अॅडिपोनेक्टिन कमी आढळलं. २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात चरबीच्या पेशींत शिरणारं लोह कमी केल्यावर उंदरांना चरबीयुक्त खाणं तितकंसं बाधलं नाही.

मग चरबीत लोह साठतं तरी कसं? मघाशी सांगितलेल्या सफाई करणाऱ्या पेशी चरबीतही असतात. त्यातल्या काहींचं काम जादा लोह स्वतःकडे सांभाळून ठेवायचं. तब्येत चांगली असेल तर त्या हे काम नीट करतात. लठ्ठ उंदरांत असं दिसलं, की या पेशी हे काम सोडून देतात आणि ते लोह शेजारच्या चरबीच्या पेशीत जातं. गोदामाचा राखणदार झोपला आणि माल भलत्याच खोलीत जाऊन पडला, असा प्रकार.

मोकळं लोह पेशीत पडून राहणं धोक्याचं असतं. बाहेर लोखंड गंजतं, तसं पेशीच्या आत लोह प्राणवायूशी खेळ करून जळजळ वाढवणारे कण तयार करतं. जळजळ वाढली की सूज वाढते. सूज वाढली की हेप्सिडिन वाढतं. हेप्सिडिन वाढलं की लोह आणखी अडकतं. चक्र फिरत राहतं.

अमेरिकेत हजारो परिचारिकांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचं फेरिटिन आधीपासून जास्त होतं त्यांच्यात पुढे मधुमेहाचं प्रमाण जास्त निघालं. याचा अर्थ लोह वाईट, असा नाही. लोह नसेल तर पेशी चालतच नाही. प्रश्न आहे तो लोह कुठं आहे याचा.

"मी ते बारीक शे, माले काय व्हई?"

इथंच आपल्या लोकांची फसगत होते. मधुमेह जाड्यांना होतो, असं आपण धरून चालतो. पण या समजुतीला धक्का दिला तो आपल्याच महाराष्ट्रातल्या कामाने.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं बारीक. पण कातडीखालची चरबी मोजली, तर वजन इतकं कमी असूनही चरबी फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीदार.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो आणि मोजमापं छापली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना एकच सांगत होता, शरीर वेगळंच सांगत होतं.

म्हणून आपल्यासाठी वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी खरी. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर पोटातली चरबी वाढली असं भारतीयांसाठी धरतात. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी माणसं आपल्या गावात कमी नाहीत. शिंप्याकडची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर श्वास सोडून आजच मोजा.

मग लाल गोळी घ्यायची की नाही?

हा लेख वाचून कोणी गोळ्या बंद करू नयेत, हे आधी सांगतो. गरोदर ताईंना सरकारी दवाखान्यातून १८० दिवस रोज एक लोह-फॉलिक अॅसिडची गोळी मिळते, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. ती घ्यायलाच हवी. गरोदरपणात रक्त कमी राहिलं तर आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो. शाळा-कॉलेजातल्या मुला-मुलींची आठवड्याची निळी गोळीसुद्धा चालू ठेवावी.

सावध राहायचं ते मनाने टॉनिक पिणाऱ्यांनी. मेडिकलमधून बाटली आणायची, सहा महिने प्यायची, तपासणी शून्य. पुरुषांनी तर हे अजिबात करू नये. पुरुषाचं रक्त कमी असेल तर आतून कुठं रक्त जातंय का, मूळव्याध आहे का, पोटात जखम आहे का, हे आधी पाहावं लागतं.

गोळी घेऊन तीन महिने झाले आणि हिमोग्लोबिन हललंच नाही, तर गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, "डॉक्टरसाहेब, फेरिटिन तपासायचं का?" साठा रिकामा असेल तर गोळी लागेल. साठा आहे पण दरवाजा बंद आहे, असं असेल तर इलाज वेगळा.

रिपोर्ट वाचताना ही चूक टाळा

फेरिटिन : जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाप्रमाणे तब्येत ठीक असलेल्या मोठ्या माणसात ते १५ च्या खाली गेलं, तर लोहाचा साठा संपला असं धरतात. पण अंगात सूज किंवा संसर्ग असेल, तर फेरिटिन खोटं वाढतं. तेव्हा ७० च्या खाली आलं तरी लोह कमी असू शकतं. म्हणून तापात ही तपासणी करू नये, आणि सोबत सूज दाखवणारी सीआरपी तपासणी केली तर बरं.

तीन महिन्यांची शुगर : हिला एचबीए१सी म्हणतात. लाल पेशीला चिकटलेली साखर मोजून ती काढतात. त्यामुळे लाल पेशींतच बिघाड असेल तर आकडा चुकतो. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालेलं असेल, तर हा आकडा खरा आहे त्यापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो. म्हणजे मधुमेह नसताना भीती.

सिकलसेल असेल तर नेमकं उलटं. सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर आणि तिकडे साक्रीच्या पट्ट्यात आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेल आढळतो. त्यात लाल पेशी लवकर मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा कमी दिसतो. म्हणजे मधुमेह असताना बेफिकिरी. अशा घरांनी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची, अशी साधी शुगर तपासून घ्यावी. सिकलसेल किंवा थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवावं लागत असेल, तर शरीरात लोह आधीच जास्त साठतं. त्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोहाची गोळी घेऊ नये.

साधी शुगर : उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त दोनदा आली तर मधुमेह. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची ही तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

गूळ-शेंगदाण्याचं काय?

सुरुवातीचा प्रश्न राहिलाच. गुळात लोह असतं, पण थोडं. साखर मात्र भरपूर. शुगर उंबरठ्यावर असलेल्या ताईने रक्तासाठी रोज गुळाचा खडा खाणं म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं पाडणं. शेंगदाणे, फुटाणे मूठभर खा, गूळ राहू द्या.

आपल्या खान्देशी ताटात चांगल्या गोष्टी आहेत. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, बाजरीची भाकरी, मठ-मूग-चवळीची उसळ, तीळ, पोकळा, अंबाडी. लोखंडी तवा-कढई माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा. जेवताना लिंबू पिळा किंवा आवळा, कैरी घ्या. आंबटाने लोह चांगलं शोषलं जातं. खात असाल तर अंडी, मासे, मटण यातलं लोह शरीराला सगळ्यात सोपं जातं.

आणि चहा! जेवणाला लागून चहा घेतला की लोह आतड्यातच अडतं. जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका.

पण दरवाजा उघडायचा असेल, तर पोटातली चरबी उतरवावी लागते. वजन कमी झाल्यावर हेप्सिडिन उतरतं आणि लोह पुन्हा नीट शोषलं जातं, असं अभ्यासांत दिसलं आहे. एकाच कामात रक्तही सुधारतं आणि शुगरही. रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणं, शेवभाजीवरचा तेलाचा तवंग कमी करणं, बिस्किट-फरसाण-थंड पेयं कमी करणं. ट्रॅक्टर आणि मोटरसायकल आल्यापासून शेतकऱ्याचंही चालणं घटलंय, हे मान्य करायला हवं.

काही जण विचारतात, रक्तदान केलं तर लोह कमी होऊन शुगर जाईल का? फेरिटिन फार वाढलेल्या काही रुग्णांत रक्त काढल्यावर इन्सुलिनचं काम सुधारल्याचं दिसलं आहे. पण हा मधुमेहाचा इलाज नाही. रक्तदान जरूर करा, ते दुसऱ्याच्या जिवासाठी. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल तर ते करताच येत नाही.

त्या ताईने काय करायचं?

हिमोग्लोबिन ९.५ आणि शुगर ११८ असलेल्या ताईने कंबर मोजावी. डॉक्टरांना दोन्ही आकडे एकत्र दाखवावेत, वेगवेगळ्या दवाखान्यांत वेगवेगळे नाही. पाळी, जंत, मागची बाळंतपणं यांची माहिती न लाजता सांगावी. फेरिटिनबद्दल विचारावं. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती नेमाने घ्यावी, आणि तीन महिन्यांनी दोन्ही आकडे पुन्हा बघावेत.

उंबरठ्यावरून मागे फिरता येतं. पण त्यासाठी उंबरठा आला आहे हे वेळेवर कळायला हवं. घरातल्या माय-बहिणीची तपासणी शेवटची कधी झाली होती, ते आज संध्याकाळी विचारून बघा.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या.)